कंचनच्या खिडकीतले टोमॅटो

कंचन गेल्याचा तिच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी नारायणगावच्या बाजारात माझे टोमॅटो घेऊन पालथ्या क्रेटवर बसले होते. पहिला विचार काय यावा? आता मला अडाणी कोण म्हणणार...

माझी मैत्रीण कंचन एका जैन व्यापाऱ्याची लेक, जुन्नरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिशीतच तिची एक पापणी उतरायला लागली. मी महाशहाणी म्हणायचे, "शाळेतली बाई झाली, आता आमच्याकडं अर्ध्या डोळ्यानंच बघणार!" मग तिला घास गिळवेना. डॉक्टर म्हणाले, शरीराचे राखणदारच घरच्यांवर उठलेत. छातीतली थायमस ग्रंथी काढू. ती ग्रंथी म्हणजे टी पेशी नावाच्या राखणदारांची शाळा. शाळाच गेली तर ही जगायची कशी, या धास्तीनं मला अन्न गोड लागेना.

ऑपरेशननंतर ती घरी आली आणि मी दारातच ठाण मांडलं. टोमॅटोच्या रोपांना तंबाखूचा हात लागला की रोग येतो, एवढंच माझं शास्त्र. येईल त्याला दरडावायचे, "तंबाखू मळली व्हती का? हात धुवा आधी!" जन्मात सुपारी न खाल्लेले तिचे सासरे बिचारे दोनदा हात धुऊन आत गेले.

कंचन टाके धरून हसली. "शके, शाळा बंद पडली म्हणून शिकून गेलेली पोरं अडाणी होतात का गं?"

मग तिनं सांगितलं. थायमसमध्ये असंख्य कोवळ्या पेशी शिरतात. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या तिथंच मरतात. आपल्याच शरीरावर धावून जाणाऱ्याही बहुतेक तिथंच संपतात. मोजक्या बाहेर पडतात. "त्याही अर्ध्या कच्च्या! तुझ्या लांबच्या गाडीच्या मालासारख्या. रंग धरला की तोडायचा, पिकतो वाटेत. या पिकतात रक्तात, प्लीहेत, काखेतल्या गाठींत. लहानपणी निघालेल्या म्हातारपणापर्यंत राखण करतात."

"मंग तुझ्यावर उठल्या त्या?"

"तुझ्या क्रेटात एखादा डागी जात न्हाई व्हय?" ती माझ्याच बोलीत म्हणाली.

जन्मभर टोमॅटो निवडले, पण माझ्याच छातीत इतकी कडक निवड होऊन गेली, याचा मला पत्ता नव्हता... देवळात बसावं तशी बसून राहिले. आणि खरंच, त्या जुन्या राखणदारांच्या भरवशावर कंचननं नातवंडं खेळवली.

अर्धे लाल टोमॅटो ती कधी फ्रिजमध्ये ठेवू द्यायची नाही, खिडकीत ओळीनं मांडायची. ती गेल्यावर चार दिवसांनी भेटायला गेले. तिनं मांडलेली शेवटची ओळ, माझ्याच शेतातली, तशीच होती. सगळे लालबुंद पिकलेले.

"मावशी, हात लावायचा धीरच होत नाही," सून म्हणाली.

मी मोरीवर जाऊन आधी हात धुतले. मग एक उचलला.