गोल बसलो अन् माही पाठ रस्त्याकडं

समाजकार्य म्हटलं की तुमाले वाटत असन, आता हा चार उपदेश करन, शेवटी गाव सुधारन अन् सगळे टाळ्या वाजवतीन. तसं काई नाई. मी भ्यालो, त्याची ही गोष्ट हाये.

दुष्काळ नुकताच सरला होता. मी समाजकार्य शिकून राह्यलो होतो अन् हप्त्यातून दोन डाव कारंज्याहून एसटीनं एका खेड्यात जाये. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या बायाचा गट माह्याकडं होता. गावाले सरकारी विहीर मंजूर झाली होती. ते वस्तीत खंदावी म्हनून बायाईनं अर्ज लिवला. आता सरपंचाची सही पायजे, पन त्याच्यासमोर एकीचंबी तोंड उघडे नाई.

आमाले शिकवलं होतं, गटाले गोल बसवा, सगळ्याईले सगळ्याईचे तोंडं दिसले पायजे. अन् भेव मोडाचं तर आंधी नाटक करून पाहा. नकला म्हंजे माह्या हातचा मळ. मी सरपंच झालो. गालात पान, खांद्यावर दुपट्टा, डोये अर्धे मिटेल.

"काहून वं, विहीर पायजे? मंग दोर बी मीच ओढू काय?"

बाया पोट धरून हासल्या. मंग हासू एकदम थांबलं. सगळ्याईचे तोंडं मले दिसत होते, अन् सगळ्या माह्या मांगं पाहून राह्यल्या होत्या. गोलात कोनाची तरी पाठ रस्त्याकडं राह्यते, हे कोनं शिकवलं नव्हतं. जर्द्याचा वास आला. मान फिरवाची हिंमत नाई झाली. मानेवरून घामाची धार खाली गेली, ते अजून आठवते.

"थांबला काहून?" सरपंच मांगून म्हने. "चांगलं जमून राह्यलं."

गटातली सगळ्यात म्हातारी आजी उठली. "पोट्टं हाये दादा, अक्कल कमी. आमी उद्या येनारच होतो. हा अर्ज. विहीर वस्तीत पायजे."

तिनं कागद त्याच्यासमोर धरला.

सरपंचानं कागद वाचला नाई. चार घड्या घातल्या, खिशात टाकला अन् चालला गेला.

मी दात काढले. "आजी, बोलल्या ना तुमी."

"चूप बस. तू आता एसटीत बसून जाशीन, तिकडं आमच्या बी नकला करशीन. आमाले सकाळी घागर घेऊन त्याच्याच दारावरून जा लागते. कागद एकच होता रे पोट्ट्या. लिवाले महिना लागला आमाले. आमी हसाले बसलो होतो काय?"