मैनाची नोंद

नानांइतका एकाच जागेवर भरवसा न ठेवणारा माणूस साऱ्या खानदेशात सापडायचा नाही. धुळ्याला आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे हे म्हातारे कारकून. "एकाच खुंटीला सगळं टांगू नये," हे त्यांचं ब्रीद. म्हणून एक छत्री जळगावला बहिणीकडे, एक जामनेरला मित्राकडे, जादा चष्मा शिरपूरला. पाऊस नेमका धुळ्यात यायचा आणि नाना निथळत कचेरीत यायचे! मी हसलो की म्हणायचे, "हस लेका. तुझी एकुलती एक हरवली की ये माझ्याकडे."

एके वर्षी हुकूम आला, गावोगावची जन्ममृत्यूची बुकं आणून कचेरीतल्या मोठ्या खोलीत ठेवा. साहेबांचंही खोटं नव्हतं. गावात कोणी पान फाडी, कोणी शाई सांडी, दाखल्यासाठी माणूस पाटलाच्या ओट्यावर दिवस काढी. साहेब म्हणाले, "एक खोली, एक कुलूप, एक जबाबदार माणूस." नाना शांतपणे म्हणाले, "आणि वाळवीही एकच पुरे, साहेब." मग बुक खोलीत जाण्याआधी ते स्वतःच्या हाताने उतरवायचे आणि ती प्रत त्या गावच्या शाळेत ठेवून यायचे. रविवार नाही, सण नाही. नजर अधू, त्यामुळे एकाचा नऊ व्हायचा. मी चूक दाखवली की चिडायचे, "चुकलेली प्रत सुधारता येते रे. नसलेली कशी सुधारशील?"

स्वतःचं गाव मात्र त्यांनी शेवटी ठेवलं. घरचं काम आधी केलं तर लोक काय म्हणतील! भीड, दुसरं काय. त्या बुकात त्यांच्या मैनाची नोंद होती. एकुलती लेक, दीड वर्षाची असतानाच वारलेली. तिचा फोटो नव्हता, झबलं उरलं नव्हतं, तिची आईही मागोमाग गेली होती. नानांचं गाव उतरवायचं राहिलं होतं, तेवढ्यात पावसाळ्यात खोलीचं छत गळलं आणि बासनंच्या बासनं लगदा झाली. बाकी गावांचं शाळांतल्या प्रतींवरून भरून निघालं. तो लगदा ओंजळीत घेऊन नाना उभे राहिले. मला बघवेना. "माझंच चुकलं रे," एवढंच म्हणाले.

पुढे एकदा चहा पिताना ते हळूच बोलले, "तिचं नाव मैना. आखाजीला झाली, अक्षय्य तृतीयेला. गूळ फार आवडायचा. ध्यानात ठेव." माझ्यावरच्या मायेनं मन मोकळं केलं, असं समजून मी कुणाला बोललो नाही.

नानांच्या दहाव्याला नदीवर बसलो होतो. माझ्या तोंडून मैनाचं नाव, आखाजी, गूळ, सारंच निघालं, तसा कचेरीसमोरचा चहावाला चमकला. "माले बी सांगेल शे नानानी! पन आखाजीना आदला दिन." जामनेरचा मित्र म्हणाला, "गूळ नव्हे, खोबरं." आमचा शिपाईही पुढे सरकला. प्रत्येकाला वाटत होतं, नानांनी फक्त आपल्यालाच सांगितलं. दिवसावरून, खाऊवरून आम्ही हुज्जत घालत बसलो. चूक सुधारायला नाना नव्हते. नाव मात्र सगळ्यांकडे मैनाच होतं. आता ते तुमच्याकडेही आहे.