बॉनेटवरचा भाऊ

ताईच्या पायाला लहानपणापासून भिंगरी, आणि धंदा तिने असा पत्करला की दिवसभर बसून राहायचं. ती मोटार चालवायला शिकवायची. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, आणि शेजारच्या सीटवर हिच्या वाट्याला पायाखालचा जादा ब्रेक आणि तोंडाची टकळी. "क्लच हळू सोडा. हळू म्हटलं की हळूच. आरशात बघा. स्वतःकडे नाही, मागे." गाडी गोगलगायीसारखी सरकायची, मागचे लोक हॉर्न वाजवायचे, आणि ताई आतल्या आत धुमसत राहायची. संध्याकाळी घरी आली की तिला बसवायचं नाही. उभ्यानेच जेवायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची, लावलेलं कपाट पुन्हा लावायची.

"जरा टेक गं," नवरा म्हणायचा. "तुझ्याकडे बघून मला दम लागतो."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा ठेवायच्या, काढायच्या, "आता बरं दिसतं की मघाशी?" असं विचारायचं, हे काम त्याच्या स्वभावाला अगदी मानवलं होतं.

ताईचा धाकटा भाऊ सिनेमात होता. म्हणजे मार खायला. हिरोने ठोसा मारला की हा जिन्यावरून गडगडत खाली यायचा, टेबलावर पडून ते मोडायचा, चालत्या टेम्पोतून रस्त्यावर कोसळायचा. सिनेमाच्या धंद्यात सगळे त्याला 'पडेल' म्हणायचे, आणि तो ते नाव कौतुकाचं समजून मिरवायचाही. पण केस पांढरे व्हायला लागले तसं त्याच्या डोक्यात शिरलं, की एवढ्या हिरोंचे ठोसे खाल्ले, एकदा तरी आपण द्यायचे. त्याला हिरो म्हणून कोण घेणार? तेव्हा त्याने स्वतःच गोष्ट लिहिली, स्वतःच दिग्दर्शक झाला आणि हिरोच्या कामाला स्वतःला घेतलं.

"आता मला कोणी काढू शकत नाही," तो ताईला म्हणाला. "काढायचं झालं तर मलाच काढावं लागेल, आणि मला माझं काम आवडतं."

गोष्ट साधी होती. एका गोदामाचा रखवालदार. गुंड माल पळवतात, हा एकटा त्यांच्या मागे लागतो आणि शेवटी त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर उडी मारून तिथे लटकून राहतो. पैशाच्या नावाने ठणठणाट होता, त्यामुळे गुंडांची गाडी म्हणून ताईची शिकवणीची गाडी ठरली. टपावरची पाटी उतरवली, काचेवरचं शिकाऊचं 'एल' अक्षर खरवडून काढलं. तरी ती फारच सभ्य दिसते म्हणून कॅमेरामनने तिच्यावर बादलीभर चिखल ओतला. कॅमेरामन पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचा, काटकुळा, सदा घाबरलेला माणूस. ताईने आरसे तेवढे पुसून घेतले.

शूटिंग एका बंद कारखान्याच्या आवारात होतं. ताई गाडी द्यायला म्हणून गेली आणि तिथेच रमली. धाकट्याची धावपळ बघण्यासारखी होती. कॅमेऱ्यासमोर हाणामारी करायची, तसंच घामाघूम धावत जाऊन कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावर बघायचं, आणि स्वतःलाच शिव्या घालायच्या. "हा काय करतोय? हा मारतोय की माश्या हाकलतोय? पुन्हा घ्या." मग परत धावत जागेवर. मोकळा श्वास म्हणून नाही. ताईला हे बरं वाटलं. आपल्यासारखंच अजून एक माणूस घरात आहे हे ती विसरूनच गेली होती.

बॉनेटच्या शॉटच्या सकाळी गुंडाच्या जागी गाडी चालवायला भाड्याचा ड्रायव्हर आला होता. धाकट्याने शर्टाच्या आत पट्टा बांधला, तो बॉनेटखालच्या आकड्यात अडकवला आणि काचेसमोर पालथा पडला. ड्रायव्हरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं, आणि किल्ली टपावर ठेवली.

"साहेब, दुसरं काहीही सांगा," तो म्हणाला. "माणसाला समोर बांधून गाडी चालवणं मला जमायचं नाही." आणि तो निघून गेला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मी चालवते." सगळ्यांनी वळून पाहिल्यावर ताईच्या लक्षात आलं, की ते आपणच म्हणालो.

तिला गुंडाचं काळं जाकीट घातलं, टोपी डोळ्यांवर ओढली. कॅमेरा घेऊन कॅमेरामन शेजारच्या सीटवर बसला, म्हणजे ताईच्या रोजच्या जागेवर.

"पाय वर घ्या," ताईने त्याला बजावलं. "खाली ब्रेक आहे. मांडी घालून बसा."

धाकटा बॉनेटवरून काचेतून ओरडला, "ताई, नीट ऐक. मी बॉनेटवर दोन थापा मारल्या की थांबायचं. पण काही झालं तरी ब्रेक मारायचा नाही. तू ब्रेक मारलास की मी पुढे फेकला जाणार, आणि गाडी माझ्या अंगावरून. नुसता वेग कमी करायचा."

"कळलं," ताई म्हणाली. आयुष्यभर जिने फक्त ब्रेकच मारला, तिला हे सांगणं होतं.

पहिली फेरी तिने जपून घेतली. "ताई, शिकाऊ गाडी नाहीये ही," धाकटा ओरडला. दुसऱ्या फेरीला तिने गिअर बदलला आणि पाय दाबला. कारखान्याच्या भिंती दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागल्या. इंजिन असं कधी ओरडलं नव्हतं. बिचाऱ्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरपलीकडे जग ठाऊक नव्हतं. समोर काचेला चिकटून भाऊ बोंबलत होता, डोळे वटारत होता, आणि ताई त्याच्या खांद्यावरून दिसेल तेवढा रस्ता बघत गाडी डावी-उजवीकडे फिरवत होती.

मग बोंबलणं थांबलं.

धाकटा लहानपणी खोटं रडायचा तेव्हा आळी गोळा व्हायची. खरा घाबरला की मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा पाण्याच्या टाकीवर चढला आणि उतरता येईना, तर दुपारभर वर मुकाट बसून राहिला. सगळे त्याला गावभर शोधत होते, आणि ताईला तो दिसला तेव्हा त्याचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा होता. काचेपलीकडे आत्ता तोच चेहरा होता. खालचा ओठ आत ओढलेला. पट्टा आकड्यातून सुटला होता, आणि वायपरच्या खाचेत रुतवलेल्या बोटांवर तो तरला होता. थापा मारायला हात मोकळाच नव्हता.

कॅमेरामनलाही ते दिसलं असावं. "अहो, अहो," म्हणत त्याने मांडी मोडली आणि पाय खाली सोडला. ताईने एका हाताने त्याचा गुडघा धरून वर दाबून ठेवला. दुसरा हात स्टिअरिंगवर. तिचा स्वतःचा पाय ब्रेककडे ओढ घेत होता, हरवलेल्या पोराने आईकडे धाव घ्यावी तसा. तो तिने उचलून नुसता अधांतरी धरला. गाडी आपल्या वजनाने पळत राहिली. समोर माल चढवायच्या ओट्याकडे जाणारा चढ होता. ताईने गाडी त्या चढाला लावली. वेग मरत गेला, इंजिनाने आचके दिले, आणि गाडी चढावर उभी राहिली. तिने हँडब्रेक असा ओढला, की झोपलेलं मूल जागं होऊ नये.

धाकटा बॉनेटवरून घसरत खाली आला आणि चाकाला टेकून बसला. कुणीतरी पाणी दिलं, ते निम्मं शर्टावर सांडलं. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. ताई शेजारी उकिडवी बसली. मग तो उठला, धडपडत पडद्याजवळ गेला आणि शॉट बघायला लागला.

"यात काय आहे?" तो म्हणाला. "आधीचं ठीक आहे. पण नंतर बघ. हा झोपलाय. हा घाबरलेला वाटतच नाही."

"तू खरंच घाबरला होतास," ताई म्हणाली.

"मला माहितीय. पण दिसत नाहीये ना. परत घेऊ."

"नाही."

"ताई, दिग्दर्शक मी आहे."

"असशील. किल्ली माझी आहे."

आणि चिखलाने माखलेली गाडी घेऊन, गुंडाची टोपी डोक्यावर तशीच ठेवून, ती घरी गेली.

घरी तिच्या जिवाला चैन पडेना. भांडी घासून झाली, जिना झाडून झाला. नवरा दुकानातून आला तेव्हा ती पडदे धुवायला काढत होती. सगळी हकिगत तिने उभ्याउभ्याच सांगितली. तो ऐकत होता आणि आपला चष्मा पुसत होता.

"वाईट झालं असतं," तो म्हणाला.

"हो." ताई पडद्याच्या कड्या काढत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला मजा आली."

"भाऊ बॉनेटवर असताना?"

"तो घाबरायच्या आधी." एक कडी हातातून निसटून घरंगळत गेली. "आणि खरं सांगू? नंतरही. भीतीने जीव जात होता, आणि तरी. माझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

नवऱ्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "डोक्याचं सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण हे त्याला सांगू नकोस. परत चढेल."

मधे काही दिवस गेले. भाऊ येईना, ताई जाईना. ती शिकवत होती, पण शिकणाऱ्यांवर उगाच खेकसायला लागली होती. एका सकाळी ती एका दातांच्या डॉक्टरला चौकात वळण शिकवत होती. दुसऱ्याच्या जबड्यात निर्धास्त हात घालणारा तो माणूस स्टिअरिंगला घट्ट धरून घामाने निथळत होता. सिग्नलला गाडी थांबली, मागचं दार उघडलं, आणि धाकटा आत येऊन बसला.

"दुसरा ड्रायव्हर मिळालाय," तो म्हणाला. "टेम्पो चालवतो. चांगला आहे म्हणतात."

ताईने मागे पाहिलं नाही. "तो ब्रेक मारेल."

"मारेल," धाकटा म्हणाला. "म्हणून तर इथे आलोय."

"मी पुढे घेऊ का?" डॉक्टरांनी विचारलं. सिग्नल सुटला होता.

"थांबा," दोघं एकदम म्हणाली. मागे हॉर्नचा गलका उठला.

"लोकांना तुझा चेहराच बघायचा आहे ना?" ताई म्हणाली. "मग गाडी उभी ठेव. चार जण लावून गदागदा हलव, आणि त्यावर पडून हवा तेवढा बोंबल. तुला खोटंच घाबरता येतं. खरं तुला जमत नाही."

"आणि पळती गाडी?"

"तुझ्या कपड्यात पोतं भर. पाठमोरं बांध. मग मी तुला हवी तेवढी पळवते."

"लोकांना कळतं, ताई."

"कळू दे. तू मेलास तर तेही कळेल."

पुढे वाकून त्याने डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, घ्या पुढे. क्लच हळू सोडा." डॉक्टरांनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली.

तसंच केलं. उभ्या गाडीवर पालथा पडून धाकटा असा किंचाळला, की कारखान्याच्या छपरावरची कबुतरं उडून गेली. पडद्यावर बघून तो खूश झाला. "हा घाबरला," तो म्हणाला. "याला म्हणतात घाबरणं." मग पोत्याची पाळी आली. कॅमेरामनने या वेळी गाडीत बसायला साफ नकार दिला आणि बाहेर एका खांबाआड उभं राहून शूटिंग केलं. ताईने गाडी पिंपांच्या रांगेतून काढली, ओल्या फरशीवर आडवी घसरवली, भिंतीपाशी नेऊन वळवली. धाकटा "कट" म्हणाला. गाडी थांबली नाही. तिने आवाराला आणखी एक चक्कर मारली, पोतं बॉनेटवर लटपटत होतं, आणि मग शांतपणे येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"ताई, कट म्हटलं होतं."

"ऐकलं," ताई म्हणाली.

सिनेमा लागला. पडला नाही, उठलाही नाही. काही थिएटरांत थोडे दिवस चालला. बॉनेटचा प्रसंग आला की लोक गप्प व्हायचे, आणि पोतं आहे हे ज्याला कळलं असेल त्याने ते मनातच ठेवलं. धाकटा पुन्हा इतरांच्या सिनेमात मार खायला लागला. फरक एवढाच, की हिरोने ठोसा मारल्यावर कॅमेरा कुठे हवा हे तो आता पडता पडता सांगायचा, आणि त्यामुळे त्याला जरा कमी कामं मिळायची. उलट ताईला मिळायला लागली. कुणाला गाडी उलटी पळवणारं माणूस हवं असलं की तो म्हणायचा, "माझी बहीण आहे." सुट्टीच्या दिवशी ती कुणाची तरी टोपी घालून कुणाची तरी गाडी पळवून यायची. तिची चुळबुळ काही थांबली नाही. नवऱ्याच्या मते ती वाढली, पण आता ताई जेवायला तरी बसते.

अलीकडे धाकटा एका दुपारी आला तो पुढच्या सिनेमाची गोष्ट घेऊन. पुन्हा दिग्दर्शक तोच, हिरो तोच. या वेळी सगळा पाठलाग पाण्यावर होता.

"तुला मोटारबोट चालवता येते का?" त्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी पहिला शिकाऊ येण्याआधीच ती तलावावर जाऊन बोटवाल्यासमोर उभी होती. बोटवाला दोर सोडत होता. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, पोहता येतं का?" त्याने विचारलं. तोवर तिचा एक पाय बोटीत पडला होता.