धुतलेलं आतडं

जनावरांच्या दवाखान्यात फिनाईलचा वास आला की मला चंद्रपूरची ती प्रयोगशाळा आठवते. धानकापणीनंतर शेतातल्या बांध्यांत सांडलेले दाणे खाऊन माझ्या आणि माझ्या साडूच्या बकऱ्या पटापट मरत होत्या. डॉक्टरांनी मेलेल्या बकरीच्या आतड्याचा तुकडा तपासायला न्यायला सांगितलं. बकऱ्यांच्या धंद्यात मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो तो साफ मालाच्या जोरावर, म्हणून तुकडा घासून धुतला आणि चकचकीत डब्यात नेला. साडूने मात्र घाणीसकट, दोन्ही टोकं सुतळीने बांधून आणला. तिथल्या बाईंनी माझा डबा उघडून बाजूला सारला. "धुतलं काऊन भाऊ? जंतूंचं विष आतल्या घाणीतच असते." मी भडकलो, "साफ माल आणला तं त्यातही खोट काढता?" साडू हळूच म्हणाला, "इथी कोणी भाव करून नाई राह्यलं, भाऊ." बाईंनी त्याला खुर्ची दिली, सूक्ष्मदर्शकातून काड्यांसारखे जंतू दाखवले; मला कुणी बोलावलंच नाही. पुढे त्याच्याच तुकड्यात विष सापडलं, म्हणून दोघांच्याही उरलेल्या बकऱ्यांना लस टोचली गेली आणि माझ्याही वाचल्या. तरी आजही सासरवाडीच्या पंगतीत तो ते जंतू कसे दिसतात हे सांगू लागला की मी भरलं ताट सोडून उठतो.