एका घरात एकाच नावाच्या दोघी

मी पनवेलला लहान मुलांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. केसपेपर काढायचा, बाळाला वजनकाट्यावर ठेवायचं आणि नंबर आला की नाव पुकारायचं. पहिली दोन कामं मी कितीही करीन, पण या नाव पुकारण्यानं हल्ली माझं डोकं फिरतं.

मध्यंतरी अशी नावं यायची की अर्थ विचारला तर आईबाप मोबाइल काढून शोधायचे. ती लाट गेली, म्हटलं सुटले एकदाची. कसलं काय! आता मी नाव पुकारते आणि मला वाटतं, तोंडात मिश्री धरलेली, नऊवारी नेसलेली एखादी बाई गुडघ्यावर हात ठेवून उठेल. उठते कोण, तर जीन्समधली पोरगी, आणि तिच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ. नद्यांची नावं, ग्रामदेवतांची नावं, ज्या नावांना आमच्या वर्गातल्या मुली लाजून मरायच्या ती नावं! "व्हिंटेज आहे मॅडम," असं मला वर सांगतात. अरे, व्हिंटेज काय? ते नाव होतं म्हणून माझी एक मैत्रीण कॉलेजात कुणाला पूर्ण नाव सांगायची नाही.

नावं मी इथं एकही लिहिणार नाही. पेशंटांची लिहायची नसतात, आणि घरातली लिहिली तर घरात राहायची सोय उरणार नाही.

तर, हे खूळ एक दिवस आमच्याच घरात शिरलं. माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. तो आणि भावजय उलव्याला फ्लॅटमध्ये राहतात. आई एरवी माझ्याकडे पनवेलला असते, पण बाळंतपणासाठी तिकडे गेली होती. मी सख्खी आत्या, एकुलती एक. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी आपली मनात दोन-तीन नावं घोळवत होते, साधीच, कुणाला त्रास न देणारी. तेवढ्यात भावजयीचा फोन.

"ताई, नाव फायनल झालं! तुम्ही फक्त कानात सांगायचं."

"म्हणजे मी पोस्टमन?"

"असं काय हो ताई. इतकं गोड नाव आहे. आईंकडूनच मिळालं."

झालं होतं असं, की ही बाळाला पाजत बसायची आणि सासू शेजारी लसूण सोलत बसायची. हिनं विचारलं, आई, तुमच्या वेळची नावं सांगा ना, जुनी जुनी. आईनं सांगितली. बहिणी, मैत्रिणी, गावातल्या काकवा, मिठागरावर कामाला येणाऱ्या बाया. भावजय एकेक नाव मोठ्यानं म्हणून बघायची, बाळाला लावून बघायची. त्यातलंच एक तिला आवडलं. तिनं ते मला फोनवर सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलेच.

"अगं बाई, ते आईचं नाव आहे!"

"आईंचं? पण आईंचं तर..."

"ते सासरचं. हे माहेरचं. लग्नात बदललं."

पलीकडून किंकाळी. "अय्या! किती क्यूट! म्हणजे आजीचंच नाव! मग तर हेच ठेवायचं!"

भावाला हे ठाऊक नव्हतं, म्हणजे कमालच. मी त्याला धारेवर धरलं. पण तो तरी काय करणार? आईला त्या नावानं हाक मारणारा एकच माणूस आम्ही बघितला, आमचा मामा. उरणच्या बाजूनं सायकलवर यायचा आणि अंगणातूनच बहिणीला हाक मारायचा. भावाचं लक्ष मामाच्या पिशवीत. माझं लक्ष आईकडे असायचं, कारण एरवी आमच्या घरात तीनदा हाक मारल्याशिवाय जिला ऐकू जायचं नाही, ती बाई मामाच्या पहिल्या हाकेला चुलीपाशी बसून असा मोठ्ठा "ओ" द्यायची की कोंबड्या पळायच्या. मामा गेला त्याला बरीच वर्षं झाली.

मला वाटलं, आई खूश होईल. मी रविवारी उलव्याला गेले. तर आई म्हणाली, "नाय. तो नाव ठेवाचा नाय."

का? तर म्हणे जुनाट आहे. भावानं समजावलं, आई, हल्ली तीच फॅशन आहे. मग म्हणे, या नावाच्या बाईला कष्ट पडतात. भावजय म्हणाली, आई, आपण हिला इंजिनिअर करू. मग नवीनच. "सून पोरीवर ओरडंल कशी? सासूच्या नावानं ओरडाचा?" भावजय म्हणाली, मी ओरडणारच नाही. यावर मात्र आम्ही दोघी मायलेकी एकदमच हसलो.

पण हट्ट सुटेना. इकडे लाकडी अक्षरांची पाटी करायला टाकलेली. पाहुण्यांना द्यायच्या स्टीलच्या डब्यांवर नाव कोरून आलेलं. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणतो, ताई, तू बोल तिच्याशी. भावजय म्हणते, ताई, तुम्हीच बोला. आई म्हणते, तुजा भाव ऐकत नाय, तू सांग त्याला. मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे? आठवडाभर दवाखान्यात पोरांचं रडणं ऐकायचं आणि सुट्टीच्या दिवशी मोठ्यांचं. मी खरंच वैतागले. बारसं तोंडावर आलं होतं.

शेवटी पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आई ओट्यापाशी खाली बसून कोळंबी सोलत होती. खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग चालू होतं, उलव्यात ते कधी बंदच नसतं. मी म्हटलं, "आई, आता पुरे. नाव तूच त्यांना सांगितलंस. मग आता नको कशाला? नक्की काय आहे ते सांग, नाहीतर मी बारशाला येत नाही. शोध दुसरी आत्या."

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "माजी आजेसासू तुला आटवते?"

आठवते थोडी. खाटेवर असायची.

"तिचा पन तोच नाव व्हता."

हे मला माहीत नव्हतं. आई सांगत गेली. लग्न ठरतानाच सासरी ठरलं होतं की नवरीचं नाव बदलायचं, कारण घरात मोठ्या बाईचं नाव तेच. नव्या सुनेला हाक कशी मारणार? पाणी आण, शेण काढ, असं आजीच्या नावानं कसं ओरडणार? एका घरात एका नावाच्या दोघी चालत नाहीत. मग लग्नात तांदळाच्या ताटात आमच्या वडिलांनी अंगठीनं दुसरं नाव लिहिलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ताटातलं नाव तिला वाचता येत नव्हतं, शेजारच्या करवलीनं वाचून दाखवलं.

"तवा म्हातारीसाटी माजा नाव काडला," आई म्हणाली. "आता पोरीसाटी काडताव. पोरीला दिलाव म्हंजे परत माजा नाय ना? मंग माजा कंदी?"

मला रडूच फुटलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. "मग हे आधी बोलायला काय झालं होतं? तोंड होतं ना? आठवडाभर आम्हाला नाचवलंस!"

"कोनी इचारला?"

"आणि सुनेला ते सांगायचं तरी कशाला? बाकीच्या नावांत मध्येच घुसवलंस!"

आईनं कोळंबीचं डोकं काढून टाकलं. "ती मोठ्यांदी बोलत व्हती येकेक नाव. मना वाटला, माजा पन बोलंल."

मी डोळे पुसले आणि बाहेर जाऊन भावाला आणि भावजयीला सगळं सांगितलं. भाऊ भिंतीकडे बघत बसला. भावजयीनं बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पाटी राहू दे. दुसरं नाव शोधू. ताई, तुमची ती दोन-तीन सांगा." पोरगी चांगली आहे, मी कधी नाही म्हटलंय? फक्त बोलते फार.

बारशाला सोसायटीचा हॉल भरला. पाळण्याला झेंडू, वर भावजयीच्या हौसेचे फुगे. पाळणा म्हणून झाला आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता आत्यानं वाकायचं, कानात कुर्रर्र करायचं, आणि मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मी पाळण्याकडे गेले आणि तशीच पुढे गेले. आई पलीकडे खुर्चीवर बसली होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, कुर्रर्र. मग तिचं नाव सांगितलं. बायकांना काही कळेना, पण धपाटे घालायची संधी कोण सोडतं? माझी पाठ लाल झाली.

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग पाळण्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "आता तिला पन सांग."

"कुठलं?"

"त्योच. डब्यांवर लिवलाय ना? चालंल दोगींना."

बघा! एक दिवस आधी सांगितलं असतं तर मी रात्रभर दुसऱ्या नावासाठी डोकं खाजवलं नसतं.

आता आई तिकडेच रमली आहे. मी रविवारी जाते आणि तासाभरात वैतागते. भावजय बाहेरच्या खोलीतून बाळाला लाडानं हाक मारते. बाळाचं लक्ष पंख्याकडे. आणि स्वयंपाकघरातून, ड्रिलिंगच्या वर, मोठ्ठा आवाज येतो, "ओ!"

"तुला नाही गं आई, बाळाला हाक मारतेय ती!" मी ओरडते.

"म्हाईत हाय मना," आई आतून म्हणते. थोड्या वेळानं भावजय परत हाक मारते, आणि आई परत ओ देते.