यादीतला शेवटचा कळप

नव्वदच्या दशकात मी बारामतीला मेंढ्यांच्या एका प्रकल्पावर नोकरीला होतो. कामाचा मुलूख इंदापूर तालुका. निवडलेल्या वीस कळपांतली कोकरं जन्मल्यावर आणि पुढं तीन महिने महिन्यातून एकदा ताणकाट्याला लावायची, वजनं त्या त्या कळपाच्या वहीत लिहायची आणि वही सांख्यिकीच्या बाईंच्या टेबलावर ठेवायची. बाई आकडे संगणकात भरत आणि कोणत्या कळपाची वाढ चांगली, याची यादी काढत. वरच्या पाच कळपांतले नर पैदाशीला राखायचे असं ठरलं होतं. बाकीच्यांनी आपले नर बाजाराला न्यायला हरकत नव्हती.

अंथुर्ण्याच्या तात्यांचा कळप मला मनातून पहिला वाटायचा. त्यांच्या वडिलांनी निवडून निवडून जपलेला वाण होता तो. शेवटच्या वजनाला आमची जीप मिळाली ती नेमकी रविवारी. तात्यांनी काटा बघितला आणि शांतपणे सांगितलं, "आयतवार देवाचा. त्या दिशी आमी कोकरू काट्याला लावत न्हाय. उद्या या."

माझं डोकं तेव्हा लवकर तापायचं. जीप काय तुमच्या देवाला विचारून येते का, असं मी बोलून बसलो. त्यांनी चहा ठेवला होता, तोही न घेता निघालो. दुसऱ्या दिवशी जीप दुसरीकडं गेली आणि तात्यांच्या वहीतला शेवटचा रकाना कोरा राहिला. मला त्याची फिकीर नव्हती. रिकामी जागा संगणक सोडून देतो आणि आहेत त्या वजनांवरून वाढ काढतो, असं प्रोग्रामच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेलं होतं.

यादी निघाली. तात्यांचा कळप विसावा. मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं की मोजण्यात काही गफलत तर नाही. मी म्हणालो, संगणक चुकत नाही. तात्या कोकरांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तर मग येत्या बाजाराला नर काढतो. ह्यो वाण हितंच थांबला म्हनायचा." त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाईंची एक सवय होती. कुठलीही यादी निघाली की सगळ्यांत खाली जो असेल त्याचं गणित त्या पेन्सिल आणि साध्या कॅल्क्युलेटरनं हातानं करत. पहिल्याच्या बाजूनं बोलायला सगळे असतात, शेवटच्याचं कुणीतरी हातानं बघावं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांची टर उडवायचो, की हेच करायचं तर संगणक कशाला पोसला. त्या हसायच्या आणि पेन्सिलीला टोक काढायच्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून कागद पुढं केला. तात्यांची कोकरं शेवटच्या महिन्यात गुंजभरही वाढली नाहीत, असं संगणक धरून चालला होता. कोऱ्या जागेत तो मागच्या महिन्याचंच वजन ओढून आणत होता. बाकीच्या एकोणीस वह्या भरलेल्या, त्यामुळं ही खोड कुणाच्या नजरेला आलीच नव्हती. त्यांनी मला आधी तात्यांना थांबवायला सांगितलं. नर विकू नका, असा निरोप मी अंथुर्ण्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडला. कारण कळवलं नाही, कारण त्या कारणात मी होतो.

प्रकल्पाच्या साहेबांना हाताचं गणित चालणार नव्हतं, त्यांना संगणकाचाच कागद हवा होता. म्हणून बाईंनी प्रोग्राम बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं, सोबत तात्यांच्या वहीतल्या पाच ओळी जोडल्या. तक्रारीचा सूर नाही, फक्त हे असं दिसतंय, तुम्हीही बघा, एवढंच. थोड्या दिवसांनी टपालानं एक फ्लॉपी आली, नवी आवृत्ती, आणि सोबत दुरुस्त्यांचा एक छापील कागद. त्यात चौथ्या क्रमांकाला ही चूक, आमची चूक म्हणून, सरळ लिहिलेली. आपल्या चुका क्रमांक घालून छापणारी आणि गिऱ्हाइकाला घरपोच पाठवणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. आमच्याकडं चूक झाली की आधी फाईल हरवायची. त्या कागदाचं मला अजून अप्रूप आहे.

नव्या आवृत्तीवर तात्यांचा कळप चौथा आला. मी एसटीनं अंथुर्ण्याला गेलो. नर मेंढ्यांच्या वाड्यातच होते, ते दिसल्यावर माझा जीव भांड्यात पडला. संगणक चुकला, आधी मी चुकलो आणि बाईंनी ते हातानं शोधलं, असं मी एका दमात सांगून टाकलं. तात्यांनी चहा ठेवायला सांगितलं. या वेळी मी मुकाट बसलो.

त्यांनी कपबशी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "आता तळाला कोन गेलं?"

मी म्हणालो, पळसदेवचा एक कळप.

"त्येचंबी एकदा बगा म्हनावं बाईंना."

मी मान डोलावली. खरं तर सकाळी निघताना बाईंच्या टेबलावर पळसदेवची वही उघडी होती आणि त्या पेन्सिलीला टोक काढत होत्या. आता आणखी कशाला, असं मीच त्यांना म्हणून आलो होतो.