खंडेनवमीला घडवलेली खीळ

माणदेशातून सांगलीला कसं जावं, असं एका वाचक मुलीने विचारलं आहे. आता रस्ता चांगला आहे. उठावं आणि निघावं. मी सांगते आहे तो प्रवास बहात्तर सालचा, आणि तो हौसेचा नव्हता.

म्हसवडजवळच्या एका वाडीत मी शिक्षिका होते. पाऊस झाला नव्हता, विहिरी आटलेल्या, गावाला एकच हातपंप. त्याच्या दांड्याची खीळ तुटली. गावच्या लोहाराने केलेली वाकली. तिथे पोलाद हवं होतं आणि ते कातायला लेथ; दोन्ही सांगलीत. तालुक्याहून निरोप आला, दसऱ्यानंतर पंप बंद दिसला तर उचलून दुसऱ्या गावाला देऊ. हा पंप तालुक्याशी भांडून आणला होता वाडीतल्या सोजरमावशींनी. त्यांनी तुटकी खीळ पदराला बांधली आणि म्हणाल्या, "बाई, तुमी चला. सांगलीत मला एकलीला कोन इचारतंय?"

अष्टमीला पहाटेची एसटी धरली. विट्याला गाडी बदलावी लागते. स्टँडवरची भजी गरम असतील तरच घ्यावीत, चहा बरा. तिथवर नुसतं माळरान. तासगावनंतर हिरवं दिसू लागलं तशा मावशी फणकारल्या, "हितं म्हशीबी पाण्यात लोळत्यात, बया!"

मुक्काम माझ्या मावसबहिणीकडे केला. सकाळी स्टँडमागच्या गल्लीत एका निवृत्त फौजी मिस्त्रींचा कारखाना गाठला. फरशी धुतलेली, पाने-कानशी मांडून त्यांना हळदकुंकू लावलेलं. खंडेनवमी आम्हाला ठाऊक होती, पण शहरात पूजा इतक्या लवकर उरकतात हे नव्हतं.

"आज हत्यार चालत न्हाई, मावशी. परवा या."

"परवा पंपच नसंल. मग खीळ काय गळ्यात बांधू?"

"आवं, नेम हाय. हळदकुंकू लागलं की बंद."

मावशींनी लेथकडे बोट केलं. "ह्याला कुठं लागलंय?"

खरंच, लेथ राहिला होता. त्याचा हार ताटात होता आणि ताट मिस्त्रींच्या पत्नीच्या हातात. त्या म्हणाल्या, "पूजा दुपारी हुईल. देवाला काय एसटी धरायची न्हाई. चालवा मशीन."

"आन् काय इपरीत झालं तर?"

"माझ्या नावावर घाला."

मिस्त्रींनी नवा सदरा खुंटीला अडकवला. तुटके तुकडे जुळवून माप घेतलं, ट्रकच्या जुन्या आसाचं पोलाद लेथला लावलं. निळसर कीस वळत वळत खाली पडू लागला. घाई नाही. दर थोड्या वेळाने माप. शेवटी खीळ लालबुंद तापवून तेलात बुडवली. इतकं नेटकं काम मी क्वचितच पाहिलं आहे. पैसे फक्त पोलादाचे घेतले. मिस्त्रींच्या पत्नीने पहिलं कुंकू त्या खिळीला लावलं, मग लेथला.

दसऱ्याला आम्ही वाडीत पोहोचलो. खीळ बसली. दांडा खालीवर होत राहिला आणि एकदाचं पाणी आलं; आधी तांबडं, मग स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी तालुक्याची माणसं पाने-साखळ्या घेऊन हजर. मावशींनी पंप हापसून तांब्या पुढे केला.

"प्या. लांबनं आलायसा."

माणसं पाणी प्यायली आणि साखळ्या गाडीत टाकून निघून गेली.

पुढे सांगलीला अनेकदा गेले. घाट पाहिला, भडंग आणलं. तुम्हीही जा. पण त्या वर्षी सण मोडला असं कुणी म्हणालं, तर मी आजही ऐकून घेणार नाही. पूजा दुपारी झाली, इतकंच.